सहा अधिक चार दहा: मुलं परिमितीला अडतात कुठे?

आयताची आकृती आहे. वरच्या बाजूला ६ सेमी लिहिलंय, उजव्या बाजूला ४ सेमी. प्रश्न एवढाच, की परिमिती काढा. तिसरी-चौथीतली बरीच मुलं बिनधास्त १० लिहून मोकळी होतात. काही २४ लिहितात. शिकवणीत सूत्र घोटून घेतलेली मुलं २० लिहितात खरी, पण त्यांच्यापुढे आयताऐवजी त्रिकोण ठेवला की तीही वर बघायला लागतात. पालकांना कळत नाही. पोराला बेरीज येते, पाढे येतात, मग घोडं पेंड खातं कुठे?

‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा गणिताची चर्चा पुन्हा वर आली. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरातल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची ही चाचणी झाली होती. गणितात तिसरीची सरासरी ६० टक्के, सहावीची ४६ आणि नववीची ३७. या उतरणीची कारणं पुष्कळ आहेत, आणि त्यांचं खापर कुणा एकावर फोडण्यात अर्थ नाही. पण तिसरी ते सहावी या वर्षांत गणित वस्तू मोजण्याकडून चिन्हं आणि सूत्रांकडे सरकतं, हे मात्र खरं. परिमितीचा धडा नेमका त्या वळणावर येतो. म्हणून तेवढा एकच धडा इथे नीट उलगडून बघू.

परिमिती म्हणजे काय

बंद आकृतीच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली, तर जेवढं अंतर कापलं जातं ती त्या आकृतीची परिमिती. व्याख्या एवढीच. सूत्र नाही, लांबी-रुंदी नाही, आयतही नाही.

मुलांना हे सांगायला देवळाची प्रदक्षिणा पुरते. जिथून निघालो तिथेच परत यायचं. भिंतीच्या कडेनं चालायचं, गाभाऱ्यातून आडवं जायचं नाही. एकही बाजू सोडायची नाही आणि एकही बाजू दोनदा चालायची नाही. १० लिहिणाऱ्या मुलाला विचारायचं, ‘तू सहा चाललास, मग चार चाललास. आता कुठे उभा आहेस?’ तो समोरच्या कोपऱ्यात उभा असतो. चपला राहिल्या पलीकडे. हे त्याचं त्यालाच दिसतं, आपण ‘चूक’ म्हणायची गरज पडत नाही. (शंकराच्या देवळातल्या अर्ध्या प्रदक्षिणेला पुण्य पूर्ण मिळत असेल, इथे मात्र गुण अर्धेसुद्धा मिळत नाहीत.)

मोठ्यांना हाच फरक घराचं काम काढल्यावर आपोआप कळतो. फरशी बसवणारा मिस्त्री फरशीचा हिशेब स्क्वेअर फुटात करतो आणि भिंतीच्या तळाशी लावायच्या स्कर्टिंगचा रनिंग फुटात. खोली १२ बाय १० फुटांची असेल तर फरशी १२० स्क्वेअर फूट. स्कर्टिंग मात्र चारही भिंतींच्या कडेनं जातं, म्हणजे १२, १०, १२ आणि १०, मिळून ४४ फूट. त्यातून तीन फुटांचं दार वजा केलं की ४१ रनिंग फूट. हे दार वजा करायला कुणी मिस्त्रीला शिकवलेलं नसतं. दारात स्कर्टिंग लागत नाही हे त्याला समोर दिसत असतं. मुलांनाही आकृतीची कड अशीच समोर दिसायला हवी, बाकी बेरीज त्यांना येतेच.

रनिंग फूट ही परिमिती आणि स्क्वेअर फूट हे क्षेत्रफळ, म्हणजे आकृतीच्या आत किती जागा आहे त्याचं माप. हे दोन शब्द एवढेच लक्षात ठेवले तरी पुढचा लेख वाचता येईल.

पट्टीच्या आधी सुतळी

बहुतेक वर्गांत परिमितीची सुरुवात फळ्यावरच्या आकृतीनं होते. आकृतीत माप आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे मुलाला काही मोजावंच लागत नाही. मग त्याच्या लेखी परिमिती म्हणजे आकृतीवर दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज, आणि दोनच आकडे दिसत असतील तर उत्तर १० येणारच. चूक त्याच्या डोक्याइतकीच आकृतीचीही आहे.

म्हणून सुरुवात पायांनी करावी. शाळेच्या मैदानावर फक्की मारून कबड्डीचं मैदान आखलेलं असतं. त्या पांढऱ्या रेघेवरून मुलांना चालवायचं आणि पावलं मोजायला सांगायची. एकाची साठ होतात, दुसऱ्याची सत्तर. मैदान तेच असून आकडे वेगळे का, यावर मुलं स्वतःच भांडायला लागतात, आणि सगळ्यांसाठी एकच माप का लागतं हे त्या भांडणात ठरतं. मग टेप आणायचा. पुरुषांचं अधिकृत मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, त्याची फेरी ४६ मीटरची. महिलांचं १२ बाय ८, त्याची फेरी ४० मीटरची. शाळेतलं मैदान बहुधा दोन्हींपेक्षा लहान निघतं. हरकत नाही, जे निघेल ते लिहायचं.

पायांनंतर सुतळी. पुस्तकाच्या कडेनं सुतळी गुंडाळायची, जिथे टोक भेटेल तिथे कापायची आणि जमिनीवर सरळ अंथरायची. चार बाजूंना फिरलेली लांबी एका रेषेत समोर पडलेली दिसते. परिमिती ही लांबीच असते, पट्टीनं मोजता येते आणि म्हणूनच सेंटिमीटरमध्ये लिहितात, हे त्या सुतळीकडे बघून जेवढं समजतं तेवढं सांगून समजत नाही. इथे एक व्यावहारिक सूचना: लोकर वापरू नका. ती ताणली जाते, आणि एकाच पुस्तकाच्या दोन परिमिती निघतात. जाड सुतळी किंवा नाडी बरी. वहीच्या कोपऱ्याशी सुतळी गोल फिरते आणि थोडीशी वाढते, तेव्हा कोपऱ्यावर बोटानं दाबून धरायची. मुलं हे काम आनंदानं करतात, कारण एकाला वही धरायला लागते, एकाला सुतळी आणि एकाला नुसतं ओरडायला.

शेवटी पट्टी. आणि पट्टीशी मुलं अडतात ती परिमितीमुळे नव्हे. कुणी पट्टीच्या तुटक्या टोकापासून मोजतं, कुणी १ च्या खुणेपासून. शून्यापासून मोजायचं हे सांगितलेलं असतं, पण का हे सांगितलेलं नसतं. एखाद्या मुलाला तुटकी पट्टी द्या, जिच्यावर ३ पासून ९ पर्यंतच आकडे उरलेत, आणि पेन्सिल मोजायला सांगा. पेन्सिल ३ पासून ९ पर्यंत पोचते. तो ९ म्हणाला, तर त्याला अजून लांबी कळलेली नाही. ६ म्हणाला, तर परिमितीकडे खुशाल वळा.

चौकटी मोजायच्या की रेघा?

चौकटींच्या वहीवर परिमिती शिकवणं सोयीचं असतं, कारण एकेका रेघेची लांबी ठरलेली असते. पण नेमक्या याच ठिकाणी एक गोंधळ दबा धरून बसलेला असतो, आणि शिक्षकांच्या तो सहसा लक्षात येत नाही.

चार चौकटी लांब आणि तीन चौकटी रुंद असा आयत घ्या. मुलाला सांगा, कडेनं मोज. तो पेन्सिलीचं टोक चौकटीच्या आत टेकवतो. वरच्या चार चौकटी, मग उजवीकडच्या खालच्या दोन, मग तळाच्या उरलेल्या तीन, मग डावीकडची एक. एकूण १०. अगदी व्यवस्थित, एकही न चुकवता. पण परिमिती १४ आहे.

चार कुठे गेले? ते कोपऱ्यांत गेले. कोपऱ्यातल्या चौकटीला बाहेरच्या बाजूनं दोन रेघा असतात, पण चौकट म्हणून ती एकदाच मोजली जाते. चार कोपरे, म्हणून चारचा फरक. पाच बाय सहाचा आयत घेतला तरी फरक चारचाच येतो. तुमच्या मुलाचं उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा बरोबर चारनं कमी येत असेल तर तो बेरजेत चुकत नाहीये, तो चौकटी मोजतोय.

यावर उपाय साधा. रंगीत खडू घ्यायचा आणि रेघच गिरवायची, एकेक तुकडा गिरवत मोजायचं. खडू रेघेवर हवा, चौकटीत नव्हे. ज्या तुकड्यापासून सुरुवात केली त्यावर एक फुली मारून ठेवली की तो दोनदा मोजला जात नाही.

याच जातीची एक गंमत कुंपणात आहे. १३२ फूट सरळ रेषेत दर ११ फुटांवर एक खांब रोवायचा असेल तर खांब १३ लागतात. तेच १३२ फूट चौफेर कुंपणाचे असतील तर १२ लागतात, कारण शेवटचा खांब म्हणजे पहिलाच खांब. फेरी बंद होते म्हणजे काय, हे मुलांना काड्या मातीत रोवून दाखवता येतं. मोठी माणसंही इथे एक खांब जास्त आणतात.

न लिहिलेल्या बाजू

आता पुन्हा त्या ६ आणि ४ च्या आयताकडे. आकृतीत दोन बाजूंची मापं लिहिलेली नसतात, कारण समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात हे काढणाऱ्याला ठाऊक असतं. मुलाला ते ठाऊक असेलही, पण ‘परिमिती काढा’ वाचताना त्याला ते आठवत नाही. तेव्हा पहिल्या काही दिवसांत एकच शिस्त ठेवावी: बेरीज करण्याआधी प्रत्येक बाजूवर आकडा लिहायचा. एकही बाजू रिकामी दिसली तर बेरीज सुरू करायची नाही. ‘ही किती? कशावरून?’ असं विचारत जायचं. ‘समोरची सहा आहे म्हणून’ हे उत्तर मुलाच्या तोंडून आलं की अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट, उदाहरणं थोडी खोडकर द्यावीत. आयताच्या आत एक आडवी रेघ मारून तिच्यावरही माप लिहा. जे मूल आकडे दिसतील तेवढे मिळवतं, ते या रेघेलाही मिळवून टाकेल. जे मूल कडेनं चालतं, ते म्हणेल, ‘ही तर आत आहे.’ कधी एकही माप न लिहिलेली आकृती द्यायची आणि पट्टी हातात ठेवायची. पंचकोन द्या, वाकडातिकडा चौकोन द्या, बाणासारखी आकृती द्या. सगळी उदाहरणं आयत आणि चौरसाचीच असली तर परिमिती म्हणजे आयताचं काहीतरी असतं असा मुलांचा समज होतो, आणि तो काढता काढता पुढे नाकी नऊ येतात.

मग सूत्र कधी द्यायचं?

माझं स्पष्ट मत: उशिरा. आणि द्यायचं नाहीच, मुलांकडून काढून घ्यायचं.

बरेच दिवस ६ + ४ + ६ + ४ असं लिहून झालं की वर्गातलं एखादं आळशी, म्हणजे हुशार, मूल म्हणतं, ‘बाई, सहा आणि चार दहा, आणि तेवढेच परत, म्हणजे वीस.’ दुसरं म्हणतं, ‘दोन सहा बारा, दोन चार आठ, वीस.’ झालं. पहिल्यानं २ × (लांबी + रुंदी) शोधलं, दुसऱ्यानं २ × लांबी + २ × रुंदी. दोन्ही फळ्यावर लिहायची आणि दोघांची उत्तरं सारखी का आली ते वर्गाला विचारायचं. चौरसाच्या वेळी ‘चारही सारख्या, म्हणून चार पट’ हे कुणी ना कुणी बोलतंच.

सूत्र आधी दिलं की काय होतं? मूल आकृतीकडे बघायचं थांबतं. त्रिकोणातही लांबी-रुंदी शोधतं. इंग्रजी एल अक्षरासारख्या आकृतीत सर्वांत मोठे दोन आकडे उचलतं. आणि क्षेत्रफळाचं सूत्र आलं की दोन्ही सूत्रं एकमेकांत गुंततात, कारण दोन्हींत लांबी आणि रुंदी हेच शब्द. सुरुवातीला २४ लिहिणारी मुलं म्हटली ती हीच, लांबी गुणिले रुंदी करून मोकळी झालेली.

‘हे सगळं ठीक, पण परीक्षेत वेळ कुठे असतो?’

हा आक्षेप पालकांचाही आणि शिक्षकांचाही, आणि तो रास्त आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत सुतळी नेता येत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात मैदान मोजायला एक तास गेला तर पोर्शन कसा संपवायचा?

दोन गोष्टी. सूत्र वापरून वेळ वाचतो हे खरं, आणि पाचवीत पोचलेल्या मुलाला ते सफाईनं वापरता आलंच पाहिजे. इथे वाद आहे तो क्रमाचा. दुसरं, परीक्षेतले अडकवणारे प्रश्न सरळ सूत्राचे नसतातच. ‘परिमिती ३० सेमी, लांबी ९ सेमी, तर रुंदी किती?’ याला सूत्र उलटं फिरवावं लागतं. कडेनं चालणारं मूल विचार करतं, की फेरी तीसची, अर्धी फेरी पंधराची, त्यात नऊ लांबी, उरले सहा. अर्धी फेरी म्हणजे एक लांबी आणि एक रुंदी, हे त्याला दिसत असतं. सूत्रवालं मूल ३० मधून ९ वजा करून २१ लिहितं. पहिल्या आठवड्यात मैदानावर घालवलेला तास इथे परत मिळतो.

गुंठा तोच, कुंपण वेगळं

आता खरी मेख. परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं, असं जवळजवळ प्रत्येकाला मनातून वाटत असतं. मुलांनाच नव्हे, आपल्यालाही.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ३३ फूट बाजूचा चौरस. आता वाटणीत एका भावाला ३३ बाय ३३ चा तुकडा आला आणि दुसऱ्याला रस्त्यापासून आत जाणारी ११ बाय ९९ ची पट्टी. ११ गुणिले ९९ करून बघा, १,०८९. दोघांना चोख एकेक गुंठा. पण पहिल्याला कुंपण लागेल १३२ फूट, दुसऱ्याला २२०. तारेचे तीन पदर ओढायचे तर दुसऱ्याला २६४ फूट तार जास्त. जमीन सारखी, खर्च दीडपटीहून अधिक.

उलट बाजूनं बघा. १३२ फुटांचंच कुंपण आहे. ३३ बाय ३३ मध्ये पूर्ण गुंठा मावतो. २२ बाय ४४ केलं तर ९६८ चौरस फूट. ११ बाय ५५ केलं तर ६०५, म्हणजे जेमतेम अर्ध्या गुंठ्याच्या वर. तारेचं बंडल तेच आणि जमीन निम्म्यावर आली.

ही चकवाचकवी फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस स्वतः मेगालोपोलिस नावाच्या शहराचा. तो लिहितो, की मेगालोपोलिसचा घेर ५० स्टेडियम आहे आणि स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा दुप्पट मोठं आहे असं म्हटलं तर लोकांना खरंच वाटत नाही. (स्टेडियम हे तिथलं अंतराचं माप.) पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या गणितीनं तर जमिनीच्या वाटणीत लांब घेराचा तुकडा पुढे करून भागीदारांना फसवणाऱ्या लोकांचाच दाखला दिला आहे. तलाठी कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून हे वाचलं तर फार लांबचं वाटणार नाही.

आणि शिक्षकही यातून सुटलेले नाहीत. लिपिंग मा या संशोधिकेनं अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक घेऊन अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षकांपुढे एक प्रसंग ठेवला होता: एक मुलगी उत्साहानं सांगते, की आकृतीची परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं हे मी शोधून काढलंय. पुरावा म्हणून ती दोन आकृत्या दाखवते, ४ बाय ४ चा चौरस आणि ४ बाय ८ चा आयत. परिमिती १६ वरून २४ झाली, क्षेत्रफळ १६ वरून ३२. तुम्ही काय म्हणाल? दोन्ही देशांतल्या काही शिक्षकांनी तिचं म्हणणं मान्य केलं. तिच्या उदाहरणात चूक काहीच नाही. चूक आहे ती एका उदाहरणावरून नियम काढण्यात, आणि ती खोडायला एकच उलटं उदाहरण पुरतं.

ते उलटं उदाहरण काडेपेटीत आहे. १२ काड्या घ्या. गुल काढून टाका, म्हणजे धाकधूक नको. या बारा काड्यांची चौकट करायची, दर वेळी बाराच्या बारा वापरून. ५ बाय १ केली तर आत काडीच्या मापाचे पाच चौरस मावतात. ४ बाय २ केली तर आठ. ३ बाय ३ केली तर नऊ. अधिकच्या चिन्हासारखी आकृती केली तर पुन्हा पाच. परिमिती सगळीकडे १२. मुलं नऊच्या पुढे जायचा प्रयत्न करत राहतात. करू द्यावा.

‘दोन्ही एकदम शिकवलं तर गोंधळ होणार नाही का?’

बालभारतीच्या पाचवीच्या गणितात परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच पाठात येतात. काहींना हे आवडत नाही. आधी एक पक्कं करा, मग दुसरं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीच्या दिवसांपुरतं ते बरोबर आहे, सुतळीचे दिवस परिमितीचेच हवेत. पण दोन्ही कायम वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली तर गोंधळ मिटत नाही, तो नुसता पुढे ढकलला जातो. ज्या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही. स्कर्टिंग आणि फरशी एकाच खोलीत लागतात.

उदाहरणं निवडताना मात्र जपा. ४ सेमी बाजूच्या चौरसाची परिमिती १६ सेमी आणि क्षेत्रफळ १६ चौसेमी. ६ बाय ३ च्या आयताचं दोन्हीकडे १८. पूर्ण आकड्यांच्या बाजू असलेल्या आयतांत असं जुळणारे हे दोनच, आणि नेमके हेच सोपे म्हणून फळ्यावर येतात. पहिल्याच दिवशी मूल यांना भेटलं तर दोन्ही एकच असं धरून बसेल. महिनाभरानंतर मात्र हेच आयत मुद्दाम द्यावेत आणि ‘१६ म्हणजे १६ काय?’ असं विचारावं. सेमी म्हणजे रेघेचे तुकडे, चौसेमी म्हणजे चौकटी. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून आपण अर्धा गुण कापतो. तो शिस्तीसाठी कापला जातो असं मुलांना वाटतं, पण अर्धं उत्तर खरंच त्या एककात असतं.

कोपरा कापला तर परिमिती कमी होते का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण यावर वर्गात दोन तट पडतात.

८ बाय ५ सेमीचा कागद घ्या. परिमिती २६ सेमी. त्याच्या एका कोपऱ्यातून २ सेमी रुंद आणि ३ सेमी उंच असा छोटा आयत कापून टाका. कागद कमी झाला, हे तर दिसतंच आहे: ४० चौसेमीचा ३४ झाला. परिमिती? बहुतेक मुलं ‘कमी’ म्हणतात. आता कडेनं मोजा: ८, २, २, ३, ६, ५. बेरीज २६. जेवढी होती तेवढीच. कापलेल्या तुकड्याच्या दोन बाजू गेल्या आणि तेवढ्याच लांबीच्या दोन बाजू आत उघड्या पडल्या.

आता तोच तुकडा कोपऱ्याऐवजी वरच्या बाजूच्या मधोमध कापा. कागद पुन्हा ३४ चौसेमीचाच. पण परिमिती ३२ होते, कारण खाचेत तीन सेमी खाली उतरायचं आणि तीन सेमी परत वर यायचं. कागद कापला आणि फेरी वाढली! मुलांचा यावर विश्वास बसत नाही, सुतळी लावूनच बसतो.

जोडण्याचंही तसंच. ५ सेमी बाजूचे दोन चौरस, प्रत्येकाची परिमिती २०. शेजारी चिकटवले तर किती? चाळीस नाही, तीस. चिकटलेल्या दोन बाजू आत गेल्या, आता त्यांच्यावरून फेरी जात नाही. क्षेत्रफळांची बेरीज होते, परिमितींची होत नाही. दोन शेजाऱ्यांनी मधली भिंत काढून एकच कुंपण घातलं तर तार का वाचते, हे पाचवीतलं मूल यावरून समजावून सांगू शकतं.

आणि गोल वस्तू?

हा प्रश्न मुलं विचारणारच, कारण सुतळी हातात असली की ती ताटलीभोवतीही जाते. जाऊ द्यावी. ताटलीच्या कडेनं सुतळी फिरवून कापायची, मग तीच सुतळी ताटलीच्या मधोमध आडवी लावत जायची. तीन वेळा जाते आणि थोडीशी उरते. वाटी घेतली तरी तीनदा जाते आणि थोडी उरते. बांगडी, डबा, परातीचंही तेच. ‘थोडीशी म्हणजे किती?’ असं मुलानं विचारलं तर ते वरच्या वर्गात येईल एवढं सांगून थांबायला हरकत नाही. पण परातीच्या वेळी तरी उरलेला तुकडा कापून ठेवायला सांगा. मोठ्या परातीचा तुकडा मोठा असतो आणि वाटीचा लहान, आणि आडव्या मापाच्या तो दर वेळी साधारण सातवा हिस्सा भरतो, एवढं पाचवीतल्या मुलाला पट्टीनं शोधता येतं.